इंजिन खोलायला कुणी तयार नाही

चहा येईपर्यंत माझं रडगाणं ऐका. आमची जुनी गाडी निळा धूर सोडायला लागली, ऑइल प्यायला लागली. इंजिनचं काम करायचं की गाडी भंगारात घालायची, एवढंच कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. गाडी गेली तर मी तालुक्यांच्या बातम्या घरी बसून फोनवर घेणार, आणि तसं करणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्यात.

नगरच्या मिस्त्रीने काचेवरचं 'प्रेस' वाचलं आणि म्हणाला, "साहेब, इंजिन एक नंबर आहे." धुरात उभा राहून, खोकत! राहात्याच्या मिस्त्रीनेही तेच ऐकवलं.

कोल्हारचा मिस्त्री मात्र सरळ बोलला. "रिंगा-पिस्टन गेलेत. इंजिन खोलावंच लागंल. बॉडी चांगली हाय, काम केलं तर लई वर्षं चालंल."

"वा! मग खोला."

"मी न्हाई खोलनार. तुमी पेपरवाले. उद्या रस्त्यात बंद पडली तर माझं नाव छापाल."

"मी काय एवढा खुनशी आहे?"

"शेवगावच्या मिस्त्रीचं छापलं की. जुने पार्ट धुऊन नवे म्हनून बसवतो म्हनून."

"अहो, तो चोर होता!"

"व्हय. पन आता त्याच्याकडंच जा, साहेब. त्याचं नाव छापून झालंय. तुमाला न भिनारा तेवढाच एक राहिलाय."

उद्या शेवगावला निघालोय. सोबत कोण येतंय, बोला.