भिंत पुरली नाही

बाई : राजधानी कुठंय, काका?

पेंटर : आहे की. म्हणजे, यायचीय अजून.

बाई : कुठून यायची? भिंत संपली!

पेंटर : तेच तर. भिंतीनं ऐनवेळी दगा दिला.

बाई : आठ दिवस वडिलांकडं गेले काय, तुम्ही अख्ख्या राज्याची वाट लावलीत. तीन वाजता साहेब येतायत. शाळा बघायला नाही, हा नकाशा बघायला!

पेंटर : रंग तर बघा आधी. नदी कशी निळीशार धरलीय.

बाई : नदी हातभर रुंद झालीय.

पेंटर : आपल्याकडं आहेच ती रुंद.

बाई : मी छापील नकाशा दिला होता ना? पेन्सिलीनं चौकोन पाडून दिले होते.

पेंटर : दिले होते, नाही कुठं म्हणतोय? पण पहिल्या चौकोनात हात घातला, तर तिथं सगळं अनोळखी. घरात कुणी नसताना एखाद्याच्या माजघरात शिरल्यासारखं वाटलं. म्हटलं, ओळखीच्या जागेवरनं निघू. मधोमध एक ठिपका दिला, हे आपलं गाव. मग नदी, मग पूल, मग बाजारपेठ...

बाई : बाजारपेठ पुलापलीकडं, दुसऱ्या राज्यात आहे!

पेंटर : ते नंतर लक्षात आलं. पुसली. मोठा दवाखाना पुसला. बायकोचं माहेर पुसताना जरा हात अडला, खोटं कशाला बोलू. आणि मग आपल्या राज्याकडं निघालो, तर डोंगर, जंगल, परत डोंगर. संपता संपेना. राजधानी आली तेव्हा भिंतच नव्हती.

बाई : कपाळ माझं.

पेंटर : मला एक सांगा. छापील नकाशात आपलं गाव दाखवा बघू बोट ठेवून.

बाई : हे इथं... नाही, जरा खाली... इथं तर खुणांचा चौकोन आहे.

पेंटर : हां! रेल्वे अशी, रस्ता असा, सरहद्द अशी, हे सांगणारा चौकोन. नेमका आपल्या डोक्यावर. चौथीत होतो तेव्हा गुरुजींना विचारलं, आपण कुठं? म्हणाले, चौकोनाखाली. आठवडाभर वर बघत बघत शाळेत यायचो मी. दोनदा गटारात पडलो.

बाई : हसवू नका हो. माझ्या जिवाला घोर लागलाय.

पेंटर : एका नकाशापायी?

बाई : बदलीचा अर्ज साहेबांच्या शेऱ्यावर अडलाय. चांगलं लिहिलं, तर सुट्टीनंतर मी घरी. बाबांना आता दिसत नाही, काका. वहिनी करते सगळं, पण तिचीही तीन पोरं आहेत. परवा मी समोर उभी, तर मला म्हणतात, शेजारच्या का तुम्ही?

पेंटर : हे आधी नाही का बोलायचं! सरका बाजूला. चुन्याची बादली आणतो. तासाभरात भिंत कोरी. साहेबांना सांगा, काम अजून सुरूच झालं नाही.

बाई : घाला चुना... थांबा. हे डाग कसले?

पेंटर : पोरांची बोटं. रंग ओला होता ना. आपापलं घर दाखवत होती. पहिलीतली एक चिमुरडी आहे, रोज येते, गावावर बोट टेकवते आणि मगच वर्गात जाते. दारावर टकटक केल्यासारखी.

बाई : हे सगळ्यात छोटं बोट तिचंच ना?

पेंटर : जाऊ द्या, बाई. पुसलं जायची सवय आहे आम्हाला. गाडीचा आवाज येतोय का हो?

बाई : अगंबाई, साहेब! दोनच तर वाजलेत.

साहेब : लवकर आलो. ड्रायव्हर म्हणाला, आपल्या रस्त्यानं रात्र होईल. पलीकडच्या राज्यातून गाडी काढली, पुलावरून.

पेंटर : सगळे तसेच येतात, साहेब.

साहेब : हे... राजधानी कुठे आहे?

पेंटर : चूक माझी. बाई इथं नव्हत्याच. आत्ता चुना मारतो, बघा.

बाई : चुना मारायचा नाही.

पेंटर : बाई, गप बसा.

बाई : साहेब, भिंत पुरली नाही. उरलेलं राज्य कोपरा वळून पलीकडच्या भिंतीवर येईल.

साहेब : तिकडे काय आहे?

पेंटर : पाण्याचा नळ.

साहेब : राजधानी नळाखाली?

पेंटर : छे छे! वर घेतो की. एकही थेंब उडणार नाही.

साहेब : मॅडम, बदलीचा अर्ज तुमचाच ना? छापील नकाशाप्रमाणेच हवं, असं पत्र आहे. मला 'अपूर्ण' लिहावं लागेल. अर्ज वर्षभर पुढे जाईल.

बाई : माहितीये.

साहेब : अजून पुसता येईल. मी चहा घेतो तोवर.

बाई : नको साहेब. लिहा तुम्ही.

(साहेब शेरा लिहून निघून जातात.)

पेंटर : काय केलंत हे? वडिलांना काय सांगणार आता?

बाई : सांगणार नाही, विचारणार. इकडं येता का म्हणून.

पेंटर : इकडं? या टोकाला?

बाई : डोळ्यांचे डॉक्टर पुलापलीकडं बसतात ना?

पेंटर : दर मंगळवारी. चालत वीस मिनिटं. पण येतील का ते?

बाई : काय माहीत. हट्टी आहेत. माझ्या खोलीत ऊन येतं, एवढंच सांगता येईल.

पेंटर : खोलीला रंग मी देतो. कुठला आवडतो त्यांना?

बाई : त्यांना दिसत नाही, काका.

पेंटर : वास तर येईल ना नव्या रंगाचा.