आगीचा जिना

आमी मूळचं कोडोलीचं, जातीनं शिकलगार. सुऱ्या, कोयतं, अडकित्तं, आन कुनाच्या घरात जुनी तलवार आसंल तर ती, सगळ्याला धार लावायचं काम. बा चाक फिरवायचा आन मी पातं धरायचो, त्यात माझा हात आसा बसला की केसाएवढं लोखंड काढायचं म्हटलं तर केसाएवढंच काढनार. महाराज गादीवर आलं तवा मी इसेक वर्साचा आसंन, गावात कामं कमी आन खानारी तोंडं जास्त, म्हनून कोल्हापूरला आलो आन फोटूच्या दुकानात लागलो. काय सांगू तुमाला पावनं, जन्मभर लोकांची तोंडं उजळ केली, सरदारांची केली, पैलवानांची केली, नव्या नवरीची केली, आन माझ्या घरात माझ्या बायकोचा एकबी फोटू न्हाय.

दुकानात कसा शिरलो त्ये बी ऐका. मालक म्हंजे पंत, बामन मानूस, चष्मा नाकावर आन डोकं कायम कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात. त्येंच्याकडं एक बारकी सुरी हुती, तिला धार लावायला मला बोलावलतं. धार लावली आन बघायला म्हनून अंगठ्याच्या नखावरची एक पापडी काढून दावली, तर पंत म्हनले आरं दस्तगीर, तुझा हात धार लावन्यात कशाला घालवतोस, हितं बस. म्हंजे कसं, फोटू आदी काचंवर उमटतो आन उलटा उमटतो, काळं त्ये पांढरं आन पांढरं त्ये काळं. त्या काचंवर जिथं काळं नको तिथं सुरीनं खरवडायचं, जिथं पायजे तिथं पेन्सिल फिरवायची, मग कागदावर फोटू छापला की देवीचं वन गायब, डोळ्याखालचं काळं गायब. एकदा एका इनामदारानं भांडान झालं म्हनून शेजारी बसल्याला भाऊच काढून टाकाय लावला, काढला की, भावाच्या जागी कुंडी काढली. लोक तोंडात बोटं घालायची. मला बी लई गुर्मी हुती बगा त्या हाताची.

माझी घरची पेठ वडगावची. तिचं नाव मी कंदी घेटलं न्हाय, आमच्यात नवरा बायकूचं नाव घेत न्हाय आन बायकू नवऱ्याचं न्हाय, ती मला अवो म्हनायची आन मी तिला ऐकलं का म्हनायचो. घरात आमी मुसलमानी बोलायचो, पर तुमाला मराठीतच सांगतो. दिसाय काय लई उजवी न्हवती, पर हसली की सगळं घर बघत बसायचं. लेकरू झालं न्हाय आमाला, दोघंच. मी किती येळा म्हनलं, एकदा चल दुकानात, एक काच फुकट मागतो पंतांकडं. ती म्हनायची, परक्या मानसानं फडक्यात डोकं घालून माझ्याकडं टक लावून बघायचं, आन मी बसू? तुमी घाला की फडक्यात डोकं, मग बसते. आता कॅमेऱ्याला पंत कुनाला हात लावू देत न्हवते, मला बी न्हाय. मी चिडायचो, म्हनायचो आगं गावाची तोंडं माझ्या बोटाखालनं जातात आन तुझंच न्हाय. तर म्हनायची, माझं तोंड रोज बघताय त्ये काय कमी हाय व्हय.

ती शाहूपुरीत गुळाच्या पेठंत एका वखारीत तरटाची पोती शिवायला जायची. तिसऱ्या मजल्यावर बाया बसायच्या. त्या वखारीला एकदा आग लागलती, मानसं कशीबशी वाचली, म्हनून शेठनं मुंबईत बघून आलता तसा एक लोखंडी जिना भाईरच्या अंगाला बसवून घेटला. आगीचा जिना म्हनायची सगळी. आग परत कंदी लागली न्हाय, जिना तसाच. आतल्या जिन्यात हमालांची दाटी, म्हनून बाया त्या भाईरच्या जिन्यानंच वर जायच्या, शेठ वराडायचा, आगं बायांनो, त्यो आगीसाठी हाय, झिजवाल, पर ऐकतंय कोन.

आमच्या पंतांना त्या जिन्यानं येड लावलं. खरंच येड. मागं काळ्या दगडाची भिंत, डाव्या अंगाला शेजारच्या वखारीची चुन्यानं धवळल्याली भिंत, आन सकाळच्या उन्हात त्या जिन्याची सावली सगळी त्या पांढऱ्या भिंतीवर पडायची, गज न् गज, पायरी न् पायरी, आडवी तिडवी. पंत तासभर नुस्तं बघत उभं ऱ्हायाचे. लोक हसायचे, म्हनायचे देवीचं देऊळ सोडून, तळं सोडून, ह्यो बामन वखारीच्या मागल्या अंगाचा फोटू काढतोय. मला बी हसू यायचं. मी घरात जेवताना सांगितलं, उद्या पंत त्या तुमच्या जिन्याचा फोटू घेनार हायत, कॅमेऱ्याचं भोक बारीक करून, धा मोजोस्तर कुनी हलायचं न्हाय, हाललं की धुरावानी उमटतंय. ती म्हनली, धा मोजोस्तर? मी म्हनलं व्हय, धा. एवढंच बोलनं झालं.

दुसऱ्या दिशी पंत दोन काचा घिऊन गेले, मी दुकानातच. आले त्ये चडफडतच. एक काच येताना टांग्यात फुटली, आन ऱ्हायली ती धुतली तर तिच्यात वर जिन्यावर कोनतरी उभं हुतं. त्येंना लांबचं धड दिसत न्हवतं, बायांनो, जिना मोकळा करा म्हनून वराडले, वाटलं सगळ्या गेल्या. मला म्हनले दस्तगीर, त्यो मानूस काढ, मला जिना एकटा पायजे.

काच उजेडाला धरली. दुसऱ्या वळनावर गजाला धरून एक आकार, जोंधळ्याच्या दान्याएवढं तोंड. उलट्या काचंत पांढरं काळं दिसतंय, त्येच्या डोक्यावर काळं, म्हंजे डोक्याला पांढरं कायतरी हाय. मी म्हनलं हमाल, पटका बांधल्याला. भिंग बी लावलं न्हाय मी. सुरी घेटली आन खरवडला. आदी डोकं, मग खांदं, मग हात. मागचं गज पेन्सिलीनं परत वढलं. एक गोष्ट मातूर मनात आलती, खोटं कशाला बोलू. आकार ठाम हुता, जरा बी हलल्याला न्हवता. हमाल कुठला धा मोजोस्तर थांबतोय? पर हात चालू हुता आन हात चांगला चालला की मानूस इचार करत न्हाय.

सांजच्याला घरी गेलो तर ती भाकरी थापत हुती. म्हनली, जिन्याचा फोटू झाला व्हय? मी म्हनलं झाला, लई झ्याक आलाय, मधीच कोन हमाल उभा ऱ्हायलता, काढला खरवडून. ती म्हनली, काढला? मी म्हनलं, कुनाच्या बापाला बी कळायचं न्हाय तिथं कोन हुतं म्हनून. ती तव्याकडंच बघत हुती. म्हनली, हात लई साफ हाय तुमचा. आन भाकरी उलटली. मी खूश झालो की, मला वाटलं बायकूनं कवतिक केलं.

त्येच वर्साला गाठीचा ताप आला, आर्दं शेर भाईर शेतात झोपड्या घालून ऱ्हायलं, आमी बी गेलो. तिथं तिला गाठ आली, चार दिसांत आटपलं सगळं. पानी मागायची आन मी पाजायचो, दुसरं काय केलं न्हाय मी, काय करता बी आलं न्हाय.

चाळिसावा झाल्यावर तिच्या संगं पोती शिवनारी गंगूआक्का भेटाय आली. रडली, आन म्हनली, भावजी, फोटू तरी ऱ्हायला न्हवं तिचा? म्हनलं कसला फोटू? तर म्हनली, आवो, जिन्यावरचा. सनाची पांढरी ओढनी घिऊन आलती त्या दिशी. आमी सगळ्या वर पळालो, ती मातूर म्हनली तुमी व्हा म्होरं, आन धा मोजत मोजत श्वास धरून उभी ऱ्हायली. म्हनली हितनं त्या बाबाला माझं तोंड काय दिसत न्हाय, आन आमच्यांना काचंवर मातूर गावंल. त्येंनी वळखायचं बघा, म्हनली, मी सांगनार न्हाय.

काय सांगू तुमाला. तसाच अनवानी दुकानात गेलो, ती काच काढली, भिंग लावलं. सोच्छ हुतं सगळं. माझंच काम, सोच्छच आसनार. बोट फिरवलं तर खरवडल्याली जागा लागती बोटाला, तेवढंच. मी तिथंच बसून रडलो, पंतांच्या देखत रडलो, आन का त्ये सांगितलं न्हाय. त्या फोटूकडं मग कंदी बघितलं न्हाय मी. दुकानात भिताडावर टांगल्याला, येनारं जानारं वा वा करायचं, आन मी पाठ करून बसायचो. दुसरं लगीन कर म्हनून भाऊबंद मागं लागलं, न्हाय केलं. भाकरी मीच थापतो, कडंला जाड ऱ्हाती.

बारा तेरा वर्सं गेली आशी. गेल्या पावसाळ्यात त्या फोटूला बुरशी धरली. पंत म्हनले नवा छाप, मोठा छाप. नाइलाज. छापला, धुतला, दोरीवर वाळत घातला. पंत आता लई थकल्यात, पर त्येंनीच बोट दावलं. म्हनले दस्तगीर, ह्या पांढऱ्या भिंतीवर सावलीत डाग कसला ह्यो? बाकी सगळं गज बारीक बारीक, हितंच जाड का? काढ त्यो.

बघितलं मी. पावनं, मी जिन्यावरनं तिला काढली, भिंतीवरनं काढली न्हवती. सावली तशीच हुती. गजाच्या सावलीला धरल्याला हात, डोक्यावरनं ओढनी, तिचं एक टोक भाईर लोंबतंय. इतकी वर्सं सगळ्यांच्या म्होरं टांगलती आन मी पाठ करून बसलतो.

पंत म्हनले आरं, घे की सुरी. मी म्हनलं पंत, ह्याला माझा हात लागायचा न्हाय. आजपातूर तुमचा शब्द मोडला न्हाय, आज मोडतो, पायजे तर उद्यापासनं येत न्हाय. आन मग सांगितलं सगळं. त्येंनी चष्मा काढला, फुसला, परत घातला. मग म्हनले, मीच म्हनलतो, जिना एकटा पायजे म्हनून. आन आपल्या हातानं त्यो फोटू परत खिळ्याला टांगला.

आता मी तोंड करून बसतो. काचा खरवडून डोळं आदीच अधू झाल्यात, बारीक काम हुईत न्हाय, पर तेवढं दिसतंय. लोक येत्यात, जिन्याला वा वा करत्यात, करू देत. वळखायला मला उशीर झाला, माफ कर म्हनतो मनात, रोज म्हनतो. तुमी ह्ये लिव्हून घेताय, बरं वाटलं, अल्ला तुमचं भलं करू दे. एक मातूर करा. फोटूत तिचं तोंड न्हाय, तवा कागदावर नाव तरी ऱ्हाऊ दे. मी आजपातूर घेटलं न्हाय, तुमाला सांगतो, लिव्हा. जैनबी.