पांढरा काही निघेना

सलूनमध्ये गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसवून न्हावी बल्ब घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात आला होता. रांगेत त्याच्या पुढे एक काका-काकू होते.

"पेंट रिमूव्हर द्या. होडीचा जुना रंग काढतोय."

"लाकडी आहे का, काका?"

"फायबरची."

"मग हा नको, फायबर खाऊन टाकेल. पॉलिश पेपरनं हळूहळू घासा."

"घासतोच आहे. हिरवा गेला, निळा गेला, पांढरा मात्र हटायला तयार नाही."

"मी म्हटलं यांना, पांढरा राहू द्या. छान दिसतोय."

"अर्धवट काम मला खपत नाही. शेवटी मशीन लावलं."

"आणि निघाला?"

"बुडाचा निघाला. खाली जाळीजाळीचं काहीतरी लागलंय."

"काका, पांढरा म्हणजे रंग नव्हता. ती होडीच होती."

न्हाव्याची घाई तिथेच संपली.

"ऐकलंत? मी सांगत होते."

"तू छान दिसतोय म्हणालीस. होडी आहे म्हणाली नाहीस."

"आणि रविवारी जावयांना फिरवायचं कबूल केलंय."

"फिरवणारच. शब्द म्हणजे शब्द. आता फोन कुणाला लावतेस?"

"लेकीला. जावयांना पोहता येतं का, तेवढं विचारून घेते."