काउंटरवरचं टक्कल

आदरणीय अध्यक्ष मॅडम, व्यासपीठावरचे, दवाखान्याचा कारभार पाहणारे आमचे थोरले बंधू, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मामा, मामी, माझे सहकारी आणि या सभागृहातल्या केस असलेल्या-नसलेल्या सर्व मित्रहो,

माझा हात सुईवर बसलाय, माइकवर नाही. सांभाळून घ्या.

आमच्या हेअर ट्रान्सप्लांटच्या दवाखान्यात येणारा प्रत्येक जण आधी मामांना भेटतो. काउंटरमागे त्यांचं टक्कल, वरच्या दिव्याखाली चकाकणारं. घाबरत आलेला माणूस ते पाहूनच निम्मा सैल होतो. मग मामा त्याला आमच्या धंद्याचं गुपित सांगून टाकतात: "साहेब, इथे नवा केस कुणी बनवत नाही. मागचे काढायचे, पुढे लावायचे. मागे शिल्लक असतील तर बोला." आता असं बोलणारा माणूस कुठला मालक काउंटरवर ठेवील?

एकदा एक नवरदेव गळालेले केस रुमालात बांधून आला. फसवलं म्हणाला. लावलेले केस आधी गळतात, मुळं आत राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उगवतात, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. पण धास्ती घेतलेल्या माणसाला ऐकू कुठे येतं? मामांनी त्याला शेजारी बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "तुमचे गेलेत ते परत येणार. माझे गेले ते गेले. मग आपल्या दोघांत रडायचं कुणी?" पोरगा हसायला लागला. लग्नाचं आमंत्रण मामांना आलं, मला नाही.

गेल्या महिन्यात बंधू म्हणाले, केसांचा दवाखाना आणि दारातच टक्कल, बरं दिसत नाही. बंधू, असं पाहू नका माझ्याकडे, होकाराची मान मीच डोलावली. वर शहाणपणाने तोडगा काढला, मामांचंच ऑपरेशन करू या, फुकट.

मामा लाजतच खुर्चीत बसले. भांग कुठल्या बाजूला पाडायचा, हे मामींशी ठरवूनही आले होते. मी मानेच्या वर भिंग धरलं. मागे काढण्याजोगं काही उरलंच नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाले, "नाही ना जमत? असू द्या, डॉक्टर. मी रोज चार जणांना हेच सांगतो."

विषय तिथे मिटायला हवा होता. मी मिटू दिला नाही. काउंटरवर दुसरं कुणी बसवायचं म्हणतोय, असं काहीतरी चाचरत बोललो आणि मधेच अडलो. माझं वाक्य मामांनी पुरं केलं. "मीच थकलोय असं सांगू या सगळ्यांना. तुमच्यावर बोल नको."

म्हणून मागच्या फलकावर 'स्वेच्छानिवृत्ती' लिहिलंय.

मामा, मला लाज वाटते. ज्यांच्या डोक्यावर मला एक केस लावता आला नाही, त्यांचीच खुर्ची मी काढून घेतली. आता ते मला बसा म्हणून खुणावताहेत. बघा, अजूनही मलाच सांभाळताहेत.

मामा, सोमवारी ती खुर्ची तुमच्यासाठी रिकामी असेल. बंधूंशी काय भांडायचं ते मी भांडेन. यायचं की नाही ते मामींना विचारून ठरवा. नाही आलात तरी मला बोलायला तोंड नाही.

मॅडम, वेळ जास्त घेतला. आपण सगळे अगत्याने आलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. फलकावरचा एक शब्द मात्र चुकलाय, आणि त्यात छापणाऱ्याचा काही दोष नाही.