भोंग्याचं चित्र

नाही नाही, ते नव्हे — म्हणजे मी काही बोलले नाही हं, मला बंदी आहे, बाईंनी बजावलंय, 'मावशी, तुम्ही फक्त फरशी पुसा, पालकांना खुणावू नका' — म्हणून पुसतेय, जरा पाय उचला. तुम्हाला कळलंय ना, मुलांनी समोर बसलेल्याचं चित्र काढलंय, स्वतःचं नाही, खाली नावं नाहीत, आपलं मूल आपण ओळखायचं. आणि पोरं दाराआडून बघतायत — मागे वळू नका. मघाशी एका आईनं भलत्याच चित्रावर हात ठेवला, तर तिचं पोर अजून नळापाशी बसलंय, मान वर करत नाही. म्हणून तुमच्याच आसपास पुसतेय, मला काय, फरशी सगळीकडे सारखीच.

हे, मिटल्या ओठांचं? का, शांत दिसतंय म्हणून? घरी तुमच्या लेकीचा आवाजच नसतो म्हणता — गोगलगाय न पोटात पाय, दुसरं काय. अहो, वर्गात हिला भोंगा म्हणतात. पहिल्या दिवशी एक बारकं पोर रडत होतं, त्याची हाक फाटकापर्यंतसुद्धा पोचेना, तर ही बाकावर चढली आणि 'याच्या आई, हा रडतोय' अशी बोंब ठोकली की समोरचा शिंपी मशीन सोडून धावत आला. तेव्हापासून कुणाला काही हवं असलं, अगदी शू लागली तरी, आधी हिच्या कानात सांगतात, मग ही सगळ्या शाळेला सांगते. हिचं चित्र त्याच बारक्यानं काढलंय — हे मी सांगितलं नाही.

मग घरीच का गप्प? मी काय सांगू, मी फरशीवाली — पण घर-घर खेळताना हिला कायम बाबाच व्हायचं असतं. मांडीवर उशी, उशीवर पाटी, ओठांवर बोट, 'श्श, मीटिंग आहे.' झालं, एवढेच बाबा. सगळा वर्ग चिडीचूप. तुम्हाला इथं सगळे ओळखतात हो, श्शबाबा म्हणून — अरे देवा, हे बोलायला नको होतं. माझी जीभ ना, फडक्यापेक्षा जास्त चालते. नाही हो, राग नाहीये तिला, उलट काल दहादा विचारलं, मावशी, बाबांना मी सापडेन का? मी म्हटलं, सापडशील की — आणि तेव्हापासून धाकधूक मलाच.

तर मी काही सांगितलेलं नाही. फक्त खिडकीखालचा तो कोपरा पुसायचा राहिलाय, तिथं एक चित्र आहे, नुसतं तोंडच तोंड, जागा उरली नाही म्हणून डोळे कानांवर चढलेत — हां. ठेवा हात. नीट, तिला दिसू दे.

ऐकलंत, कशी ओरडली ती? शिंप्यानंही ऐकलं असेल — अहो, ते तुमच्या ओठांवरचं बोट खाली घ्या आधी.

हं. आता जा तिच्याकडे, माझी फरशी वाळू दे.