मुख्यमंत्र्यांच्या खालची ओळ

अरे, पाट्या तर मी जन्मभर रंगवल्या, पण तिरोड्याकडच्या त्या ग्रामपंचायतीची भिंत काही डोक्यातून जात नाही. राज्याच्या सगळ्या मुख्यमंत्र्यांची नावं ओळीनं लिहायची होती. एक नाव दुसऱ्यांदा आलं. मला वाटलं चूक आहे, म्हणून मी ते गाळलं. तर सरपंचबाईंचा नवरा ओरडला, "गाळलं कायले? गेलेला माणूस वापस येते ना बावा!"

सरपंच बाई होत्या, पण सगळं बोलायचा नवराच. बाई नुसत्या उभ्या राहून भिंत वाचत होत्या.

शेवटी खाली एका ओळीची जागा उरली. नवरा म्हणाला, "तिथं 'सौजन्य' लिहा अन् माझं नाव टाका."

मी ब्रश बुडवला, तोच बाई पहिल्यांदा बोलल्या, "थांबा पेंटरभाऊ. ती जागा रिकामी ठेवा."

"काऊन?" नवऱ्यानं विचारलं.

"येवढ्या नावांत बाई एकबी नाही. मले लागन."

नवरा हसला. "लिहा हो तुम्ही, मजाक करून राहिली."

बाई हसल्या नाहीत. मी ब्रश पुसून डब्यात ठेवला.

"कुठं लिहू भाऊ? जागा बुक झाली."