डोझर की मशीन?

आमच्या दिनूभाऊचं ऐका. आयुष्यभर प्लांटमध्ये डोझर चालवला त्यानं. रिटायर झाल्यावर अहिवारा गावाजवळचं आपलं झुडपांनी भरलेलं शेत साफ करून गाईंसाठी कुरण करायचं ठरलं.

भाऊ म्हणे, "डोझर आणतो, मीच चालवतो."

वहिनी म्हणाल्या, "वरची माती खरडली तं गवत कशावर उगन?"

शेवटी झुडपं कापायचं, हातात धरून चालवायचं मशीन आणलं. भाऊ कुरकुरला, "आता जमिनीची हजामत करून राहिलो!"

दुपारी कापलेलं एक झुडूप सरळ खाली गेलं अन् पाण्याचा आवाज आला. बिनकठड्याची जुनी विहीर! भाऊ चटकन मागं सरला.

"डोझर असता तं मी आत असतो."

वहिनींनी त्याचा हात घट्ट धरला, वाकून पाहिलं.

"पाणी हाये ना? मंग गाईंची सोय झाली."